पोस्टसाठी बुटकी, गार्डसाठी कच्ची: नाशिकच्या एका खेळाडूचं प्रकरण

नाशिकच्या एका क्लबमधली मुलगी सोळा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल आशिया चषकासाठी लागलेल्या भारतीय संघाच्या शिबिरापर्यंत पोचली आणि शेवटच्या बारा जणींत आली नाही. शिबिरातून कोणी ना कोणी परत येतंच, तेव्हा नुसतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. पण तिला परत पाठवताना तिथल्या प्रशिक्षकांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा होता: पोस्टवर, म्हणजे रिंगखाली, खेळायला ही बुटकी आहे आणि गार्डवर, म्हणजे बॉल वर घेऊन येण्याच्या जागी, खेळायला कच्ची. मनपा स्पर्धेपासून राज्य स्पर्धेपर्यंत जिच्या उंचीवर आम्ही सामने काढले, तिला बुटकी म्हटलेलं ऐकून क्लबातल्या निम्म्या लोकांना राग आला. उरलेले गप्प बसले, कारण त्यांना ते पटलं होतं.

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. मुलीचं, शाळेचं आणि क्लबचं नाव, तसंच स्पर्धेचं नेमकं वर्ष मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी त्या क्लबच्या कार्यकारिणीत आहे. जिल्ह्यातल्या स्पर्धांना टेबलवर बसते, म्हणजे स्कोअरशीट लिहिते. शिकवण्याचं काम माझं नाही. टेबलवरून एक मात्र नीट दिसतं: गुण कोणाच्या नावावर चढतात आणि बॉल प्रत्यक्षात कोण वर आणतं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्कोअरशीटवर पहिलीच उतरते.

ही स्पर्धा आहे तरी काय

मुलींची सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा पहिल्यांदा २००९ मध्ये झाली आणि तीही पुण्यात. त्या वेळी आशिया म्हणजे आशियाच होता. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही याच गटात खेळू लागले आणि वरच्या चार जागांचा भाव एकदम वधारला. या चार जागांना एवढी किंमत आहे, कारण पहिले चार संघ सतरा वर्षांखालील विश्वचषकाला जातात. पूर्वी चीन, जपान आणि कोरियाला गाठायचं असायचं, आता त्यात आणखी दोघांची भर पडली. स्पर्धेचे दोन विभाग असतात, अ आणि ब. अ विभागाचा तळाचा संघ खाली जातो आणि ब विभागाचा विजेता वर येतो. २०१७ मध्ये बंगळुरूला भारताच्या मुलींनी ब विभाग जिंकला होता. आमच्याकडचे काही हौशी पालक तेव्हा मनमाडला जाऊन कर्नाटक एक्स्प्रेस पकडून सामने पाहायला गेले होते, कारण नाशिकरोडहून ती गाडी मिळत नाही.

संघात बाराच खेळाडू. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा आणि चोवीस सेकंदांत बास्केट मारायचा प्रयत्न करायचा. हे नियम नाशिकमध्येही पुस्तकात तेच आहेत. फरक असा की आमच्या शालेय सामन्यांत चोवीस सेकंदांचं घड्याळ बहुतेक वेळा नसतं आणि आठ सेकंद पंच हाताच्या इशाऱ्याने मोजतात. मोजण्याची गरजही क्वचितच पडते, कारण समोरचा संघ अर्ध्या मैदानापर्यंत अंगावर येतच नाही. बास्केट खाल्ली की मागे पळत जाऊन झोन लावायचा, म्हणजे ज्याने त्याने आपापली जागा राखायची, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत आहे. आशियाई पातळीवर बास्केट पडल्या क्षणी दोघी अंगावर धावून येतात. पूर्ण मैदानाचा प्रेस. अठ्ठावीस मीटरचं मैदान तेव्हा फार लांब वाटतं.

सहावीतली साडेपाच फूट

मुलगी क्लबात आली ती सहावीत असताना. इंदिरानगरला राहायची. वडील सातपूरच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक, आई शिवणकाम करते. भावाला सोडायला यायची आणि कट्ट्यावर बसून राहायची. एक दिवस क्लबच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनीच, बोलावलं, "ए, तू का बसलीस? ये, बॉल घे." बारा वर्षं पुरी झाली तेव्हा तिची उंची १६८ सेंटिमीटर भरली, म्हणजे साडेपाच फूट. त्या वयाच्या मुलींमध्ये ती ताडमाड दिसायची. आमच्या चौदा वर्षांखालील संघातल्या बाकीच्या तिच्या खांद्याला लागत.

पुढचं ओघानेच आलं. सरांनी तिला रिंगखाली उभं केलं. हात वर, बॉल हातात आला की खाली आणायचा नाही, वळायचं आणि टाकायचा. खाली आणला की बुटक्या मुली हिसकावून घेतात, हे खरंच होतं. दोन महिन्यांत ती हे अचूक शिकली. मनपा स्पर्धेत शाळेच्या संघाचे निम्म्याहून जास्त गुण तिच्या नावावर, विभागीय फेरीत धुळे-जळगावच्या संघांसमोरही तेच. तिच्या शाळेत पहिल्यांदाच बास्केटबॉलचा चषक आला. मुख्याध्यापकांच्या दालनातल्या काचेच्या कपाटात तो अजून आहे. शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण लावलंय, त्यात सगळ्या मुली उभ्या आहेत आणि ही मागच्या रांगेत मधोमध.

या काळात ती सामन्यात बॉल ड्रिबल करत, म्हणजे जमिनीवर आपटत, किती वेळा वर आली, असं मला कोणी विचारलं असतं तर मी टेबलवरून सांगितलं असतं: येतच नव्हती. गरज नव्हती आणि मनाईही होती. रिबाऊंड, म्हणजे रिंगला लागून परतलेला बॉल, मिळाला की लगेच गार्डच्या हातात द्यायचा, हा शिरस्ता. एकदा सातवीत असताना तिने रिबाऊंड घेऊन स्वतःच पळ काढला, अर्ध्या रेषेपाशी बॉल पायावर आपटून बाहेर गेला. बाकावरून सरांचा आवाज आला, "तुला सांगितलंय ना, तुझं काम नाही ते!" गॅलरीत हशा पिकला. पुन्हा तिने तो प्रयोग केला नाही.

इथे सरांना खलनायक करण्याचा मोह आवरायला हवा. मानधन नाममात्र. पावसाळ्यात उघडं सिमेंटचं कोर्ट निसरडं होतं आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत लागतात. वर छप्पर असलेलं मैदान तासाच्या भाड्याने मिळतं, तेही बॅडमिंटनवाल्यांनी सोडलं तर. हातात सरावाचे मोजके तास आणि समोर चौदा वर्षांखालील स्पर्धा. अशा वेळी कोणीही तेच करेल जे लवकर फळतं. उंच मुलगी, रिंगखाली, हात वर.

मोजपट्टीने काय सांगितलं असतं

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग फार साधा आहे आणि त्याला कसलंही यंत्र लागत नाही.

मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान, सरासरीने बाराच्या आसपास. मासिक पाळी सुरू होते ती हा झपाटा ओसरू लागल्यावर. त्यानंतर सर्वसाधारणपणे पाच-सात सेंटिमीटर वाढ उरलेली असते. या मुलीला पाळी अकरा वर्षं पुरी होता होताच आली होती. म्हणजे बाराव्या वर्षी ती उंच होती, कारण बाकीच्या मुली ज्या जिन्याने पुढे चढणार होत्या तो ती आधीच चढून आली होती.

दुसरा हिशेब आईवडिलांच्या उंचीचा. बालरोगतज्ज्ञ तो रोज वापरतात: मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून तेरा सेंटिमीटर वजा करायचे, त्यात आईची उंची मिळवायची आणि दोनने भागायचं. वडील १८०, आई १६३. उत्तर येतं १६५. यात साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरतात, म्हणजे फार तर १७३-१७४. मुलगी सहावीतच १६८ होती. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले असते तर बाराव्या वर्षीच कळलं असतं की ही पुढे पावणेसहा फुटांच्या आतच थांबणार. पंधराव्या वर्षी ती १७३ ला थांबली. अंदाजाच्या वरच्या टोकालाच गणित बरोबर आलं, हा योगायोगच. असे अंदाज चुकतातही. पण दिशा चुकण्याचं कारण नव्हतं.

१७३ सेंटिमीटरची मुलगी भारताच्या शालेय बास्केटबॉलमध्ये पोस्ट असू शकते. आशियाई स्पर्धेत त्या उंचीच्या मुली बॉल घेऊन वर येतात आणि बाहेरून मारतात. चीनच्या झांग झियूचं उदाहरण आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फार फिरलं. २.२० मीटर उंची, म्हणजे सव्वासात फुटांच्या घरात. २०२४ मध्ये शेनझेनला झालेल्या अठरा वर्षांखालील आशिया चषकात ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. चित्रफीत पाहून आमच्याकडचे पालक म्हणाले, बघा, उंची असली की झालं. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, ही गोष्ट त्या चित्रफितीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर झांगकडे बघून धडा घेण्यात अर्थच नाही. तिच्यासारखी मुलगी कोणत्याही क्लबच्या दारात येणार नाही. पाच फूट आठ इंचांची मात्र दर दोन-तीन वर्षांनी येते.

उंच मुलीच्या वाट्याला येणारा आणखी एक ताप जाता जाता सांगायला हवा. समोरच्या संघाचे व्यवस्थापक हटकून जन्मदाखला मागतात. वय चोरण्याचे प्रकार आपल्याकडे इतके झालेत की केंद्राने २०१० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय आचारसंहिताच आणली आणि शंका आली की हाडांची तपासणी होते. लवकर वयात आलेल्या मुलीचं हाड खऱ्या वयापेक्षा पुढे दिसू शकतं, हे लक्षात घेतलं तर आईवडिलांच्या पोटात गोळा का येतो ते कळेल. या मुलीची जन्मनोंद महापालिकेत जन्माच्या आठवड्यातच झालेली होती. पासपोर्टलाही तीच कामी आली. शिबिरासाठी पासपोर्ट लागतोच. आमच्या दुसऱ्या एका खेळाडूच्या आधार कार्डावर आणि जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगवेगळं आहे, आणि तिच्या घरचे गेली दोन वर्षं "करू की" म्हणताहेत.

शिबिर

राज्याच्या संघातून राष्ट्रीय युवा स्पर्धा खेळल्यावर तिला शिबिराचं बोलावणं आलं. रिबाऊंडमुळे आलं, हे उघड होतं. निवडणाऱ्यांना तिच्यात जागा ओळखण्याची जाण दिसली. बॉल रिंगला लागून कुठे पडणार हे तिला अर्धा सेकंद आधी कळायचं. ही गोष्ट शिकवून येत नाही आणि ती तिच्याकडे आजही आहे.

शिबिरात काय झालं ते तिने स्वतः सांगितलंय. पहिल्या दिवशी उंची, हातांचा पसारा, उभी उडी, धावण्याच्या वेळा. मोजपट्टीवर नाव पुकारून आकडा सांगितला तेव्हा ती ज्या रांगेत उभी होती तिथे तिच्यापेक्षा बुटकी एकही नव्हती. रांग पोस्टवाल्या मुलींची होती. दुसऱ्या दिवशी तिला गार्डच्या रांगेत पाठवलं. मग एक सराव झाला, तो तिला अजून आठवतो: एका टोकापासून बॉल घेऊन निघायचं, अंगावर एक बचाव करणारी, अर्ध्या रेषेपाशी दुसरी येऊन मिळते, दोघींच्या मधून किंवा पाठीमागून बॉल काढायचा, पलीकडे पास. आठ सेकंदांत.

"मी पाठ केली की बॉल माझ्याकडेच राहायचा, पण पुढे जायचंच नाही," ती म्हणाली. "रिंगखाली कसं करतो तसं मी आपोआप वळायचे. तिकडे वळलं की दुसरी उभीच असायची." डावा हात तर जवळपास नव्हताच. रिंगखाली डाव्या हाताचं काम पडत नाही असं नाही, पण ड्रिबलसाठी पडत नाही. त्यात बॉल. आमच्या शाळेत मुलीही कित्येकदा मुलांचा सात नंबरचा रबरी बॉल वापरतात, कारण पेटीत तोच असतो. शिबिरात सहा नंबरचा, चांगल्या कातडीसारखा, लाकडी मैदानावर. हाताला वेगळा लागतो. हे कारण तिने सांगितलं नाही, मी जोडतेय. आणि ते दुय्यम आहे, कारण तिथे आलेल्या पुष्कळ मुली अशाच सिमेंटवरून आल्या होत्या.

कपातीनंतर उरलेल्यांची यादी भिंतीवर लागली तेव्हा तीत तिचं नाव नव्हतं. प्रशिक्षकांनी बोलावून नीट सांगितलं, टाकून बोलले नाहीत. दोन वर्षं गार्डवर खेळ, मग बघू, असं म्हणाले.

दोन वर्षं म्हणजे नेमकी कोणती

इथे जन्मवर्षाचं गणित आडवं येतं. याकडे आमच्या भागात कोणी पाहत नाही, अगदी पुण्या-मुंबईतही थोडेच पाहतात.

सोळा वर्षांखालील स्पर्धा विषम वर्षी होते, अठरा वर्षांखालील सम वर्षी. कोरोनाच्या काळातला गोंधळ सोडला तर हा क्रम टिकलेला आहे. पात्रता जन्मवर्षावर ठरते, १ जानेवारीपासून. २०२५ च्या सोळा वर्षांखालील स्पर्धेला २००९ किंवा नंतर जन्मलेल्या चालत होत्या. आता विषम वर्षी जन्मलेली मुलगी घ्या, समजा २००९. ती २०२५ मध्ये गटातली सगळ्यात मोठी. पण पुढच्याच वर्षी, २०२६ च्या अठरा वर्षांखालील स्पर्धेला, तिच्यासमोर २००८ च्या मुली, एका वर्षाने मोठ्या. २०२८ ला ती वयाबाहेर. उलट २००८ ची मुलगी २०२३ मध्ये एक वर्षाने लहान होती, पण २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील गटात एकदा अनुभव घेऊन २०२६ ला गटातली सगळ्यात मोठी म्हणून खेळू शकते.

म्हणजे विषम वर्षाच्या मुलीला पूर्ण वयाची एकच संधी मिळते आणि ती सोळा वर्षांखालील गटात. आमची मुलगी विषम वर्षाची. तिची ती संधी होऊन गेली होती. "दोन वर्षं गार्डवर खेळ" हा सल्ला चांगला, पण तिच्या हातात पुढच्या स्पर्धेआधी जेमतेम एक वर्ष होतं, आणि त्यातही गाठ मोठ्यांशी. सम वर्षाच्या मुलीच्या बाबतीत हाच उशीर भरून निघाला असता. म्हणून माझं मत असं की मुलीला कोणत्या वयात कुठे खेळवायचं हे ठरवताना क्लबने जन्मवर्ष समोर ठेवावं. विषम वर्षाच्या मुलीला आधी तयार व्हावं लागतं. यात अन्याय आहे का? आहे. पण तो आपल्या हातात नाही, कागदावरचं गणित आहे.

खर्च कोणाचा, फायदा कोणाचा

मुलगी शिबिराहून परतल्यावर वडील क्लबात आले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुम्ही म्हणाल तसं आम्ही केलं. आता दहावी आलीय. हे असंच चालणार असेल तर थांबवतो." दहावीच्या निकालात क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या दृष्टीने मुलीने राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, प्रमाणपत्रं हातात आली, हिशेब पुरा झाला होता. भारतासाठी खेळणं हे त्यांच्या हिशेबात कधी नव्हतंच. ते आमच्या डोक्यात होतं.

फायदा कोणाकोणाचा झाला ते पाहू. शाळेला चषक मिळाला. क्लबला नाव मिळालं, नव्या मुली आल्या, फी वाढली. सरांना विभागीय निवड समितीवर बोलावणं आलं. मुलीला प्रमाणपत्रं मिळाली. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं तिला रिंगखाली उभं केल्याने मिळालं. तिला सहावीत गार्ड केलं असतं तर कदाचित आमचा संघ मनपाच्या उपांत्य फेरीत हरला असता, शिबिरापर्यंत ती पोचलीच नसती. ही शंका कार्यकारिणीत एकाने काढली आणि तिला सोपं उत्तर नाही. पोस्टवर खेळली म्हणून निवड समितीच्या नजरेत आली. पोस्टवरच खेळली म्हणून पुढे अडली. दोन्ही एकाच कारणाने.

माझं उत्तर असं: चौदा वर्षांखालील वयात निवड समितीच्या नजरेत येण्याची किंमत आपण फार जास्त धरतो. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार राहिली. उंचपुरी, पण बॉल हातात घेऊन खेळणारी. महाराष्ट्रातल्या उंच मुलीला दाखवायला हे उदाहरण घरचंच आहे. बाहेरच्या काही देशांनी तर हा प्रश्न नियमानेच सोडवला. जर्मनीत लहान वयोगटांत झोन बचाव करता येत नाही, प्रत्येकीने आपापली खेळाडू पकडायची. झोन नसला की रिंगखाली उंच मुलगी खांबासारखी उभी करण्यात फार फायदा उरत नाही. आमच्याकडे जिल्ह्याच्या स्पर्धेपुरता तरी हा नियम करायला कोणाची परवानगी लागते, असं मी बैठकीत विचारलं. लागत नाही, असं उत्तर आलं. तरी केलेला नाही. कारण सांगायची गरज नाही, ज्याच्याकडे त्या वर्षी उंच मुलगी असते तो क्लब विरोधात जातो.

नंतरचं वर्ष

वडिलांनी थांबवलं नाही, आईने तिला पुढे रेटलं. "एवढी रडली ती कशासाठी मग?" एवढंच त्या म्हणाल्या. दहावीच्या परीक्षेनंतर मुलगी पुन्हा आली आणि सरांनी स्वतःहून ठरवलं की क्लबच्या सामन्यांत ती पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारी मुख्य गार्ड, खेळेल. पहिले काही सामने बघवत नव्हते. एका स्थानिक स्पर्धेत आठवी-नववीच्या मुलींनी तिचा बॉल इतक्यांदा काढला की समोरच्या संघाने मुद्दाम तिच्यावरच दोघी सोडायला सुरुवात केली. गॅलरीतून एक पालक ओरडला, "अहो सर, तिला रिंगखाली घ्या की, मॅच जाईल!" मॅच गेली. सरांनी तिला बाहेर काढलं नाही. मी टेबलवर होते, मला ते दिसत होतं आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सरांनी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच.

सराव काय केला ते गुपित नाही. डाव्या हाताने ड्रिबल करत मैदानाच्या फेऱ्या. दोघींच्या विरुद्ध एकटी. सुरुवातीला टेनिसचा चेंडू एका हाताने झेलत दुसऱ्या हाताने ड्रिबल, म्हणजे मान खाली जात नाही. आणि तिला सांगितलेली एक गोष्ट कामी आली: दोघी अंगावर आल्या की पाठ करायची नाही, दोन पावलं मागे ड्रिबल करत जायचं, मग बाजूने सुटायचं. मागे जाणं हा पराभव वाटायचा तिला. दिवाळीच्या सुमारास ते अंगवळणी पडलं. रिंगखाली शिकलेलंही वाया गेलं नाही. बुटकी गार्ड समोर आली की ती आता तिलाच रिंगजवळ नेऊन पाठ लावते आणि जुनी वळून टाकायची तऱ्हा वापरते.

तरी अठरा वर्षांखालील विभागीय निवड चाचणीत गार्ड म्हणून ती तिसरी आली. पोस्ट म्हणून उभी राहिली असती तर पहिली आली असती, हे निवड समितीवरच्या एकाने तोंडावर सांगितलं. ती गार्ड म्हणूनच राखीव यादीत राहिली. सध्या अकरावी वाणिज्यला आहे.

अजून न सुटलेलं

क्लबने तीन गोष्टी ठरवल्या. जून आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलामुलीची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजायची, आईवडिलांच्या उंचीसह नोंदवायची. मुलींच्या बाबतीत पाळीची नोंद आईने महिला सदस्याकडे द्यायची, द्यायची नसेल तर आग्रह नाही. चौदा वर्षांपर्यंत क्लबच्या सामन्यांत प्रत्येकीने किमान एक सत्र बॉल वर आणायचा, उंची काही असो. पहिल्या दोन सुरळीत चालू आहेत. वह्यांत आकडे भरताहेत.

तिसरीवर वाद आहे. या वर्षी सहावीत आलेली एक मुलगी १६५ आहे आणि तिच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांचं म्हणणं सरळ आहे: क्लबात तुम्ही काहीही खेळवा, शालेय स्पर्धेत ती माझी आहे आणि ती रिंगखाली राहील. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांना शाळेत उत्तर द्यावं लागतं, चषक मागितला जातो. मुलीच्या वडिलांनाही तेच हवंय, त्यांचं म्हणणं, आत्ता जिंकू द्या, नंतरचं नंतर बघू. सरांचं मत आहे की शाळेत पोस्ट आणि क्लबात गार्ड हे दोन्ही एकाच मुलीला एकाच आठवड्यात करू द्यावं, त्याने नुकसान नाही. मला ते पटत नाही, कारण दबाव आला की मुलगी सवयीच्या जागी पळते आणि सवय जिथे टाळ्या मिळतात तिथली लागते. कार्यकारिणीत मतं सारखी विभागली आहेत. मनपा स्पर्धा तोंडावर आहे, त्यामुळे यंदा ती शाळेकडून रिंगखालीच खेळेल. पुढच्या वर्षाचं दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरेल.